बिल्ला ज्याचा त्यानं काढावा

खुर्ची करकरली, आणि सुनेला स्वयंपाकघरातूनच कळलं की सासरे पुन्हा उठले.

“बाबा! किती मिनिटं झाली?”

“झाली असतील की पाच-सहा.”

“तीन,” ती बाहेर येत म्हणाली. “मी चहा टाकला तेव्हा तुम्ही बसलात. अजून उकळीसुद्धा आली नाही.”

“अगं, बाहेरचा नळ गळतोय. तुला ऐकू येत नाही का?”

नळ गळत नव्हता. तरी हा माणूस बाहेर गेला, नळ पिरगाळला, कुंडी उजवीकडची डावीकडे ठेवली, फाटकाची कडी दोनदा उघडून लावली. परत आला तेव्हा लॅपटॉपवर सहावा धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता.

या माणसाला सगळे भिंगरी म्हणत, आणि ते नाव काही कुणी उगाच ठेवलेलं नव्हतं. चोपन्न वर्षांचं वय, दुकानांची शटरं दुरुस्त करायचा धंदा, आणि बूड म्हणून कधी टेकायचं नाही. अर्धं जेवण बसून, अर्धं उभ्यानं. बायको तर म्हणायची, लग्नाच्या फोटोतसुद्धा हा माणूस हललाय! खोटं नव्हतं ते. फोटोत तिच्या साडीची किनार मोजून घ्यावी इतकी स्वच्छ, आणि शेजारी नवरदेवाच्या जागी नुसता पांढरा धूर.

तर अशा माणसाला वरून हुकूम आला होता, की बस लॅपटॉपसमोर आणि बघ दहा धडे!

त्याचं असं की मोठ्या शहरातला बंब इथे पोचायला पाऊण तास. तोवर जळायचं ते जळून जातं. म्हणून इथल्या लोकांनी स्वतःचं केंद्र उभारलं होतं. एक शेड, एक बंब, सतरा स्वयंसेवक. त्यात बेकरीवाला होता, शिंपी होता, दोन नर्स होत्या. केंद्रप्रमुख शाळेतले चित्रकलेचे मास्तर. भोंगा वाजला की हातातलं काम टाकायचं आणि धावायचं. भिंगरी चोवीस वर्षं धावत होता. खरं सांगायचं तर त्या माणसाच्या पायांना दुसरं काही जमतच नव्हतं. आणि आता कागद आला, की महिनाअखेरपर्यंत प्रत्येकानं ऑनलाइन कोर्स पुरा करून सर्टिफिकेट घ्यायचं. सर्टिफिकेट नाही त्याला बंबावर जागा नाही. मग तो चोवीस दिवसांचा असो की चोवीस वर्षांचा.

कोर्स मोठा बेरकी होता. दर चार मिनिटांनी पडद्यावर चौकोन यायचा, ‘तुम्ही समोर आहात का?’ हो म्हणून बटण दाबलं नाही, तर धडा पुन्हा पहिल्यापासून. “माझ्या आईनं मला इतक्यांदा विचारलं नाही,” असं म्हणत भिंगरी चरफडायचा. पण त्यानं तोडगा काढला होता. लॅपटॉप सरळ कारखान्यात नेऊन कामाच्या टेबलावर ठेवला, की हा कानस मारतोय आणि पडद्यावरचा माणूस बोलतोय. चौकोन आला की तेलकट बोटानं बटण. असं करता करता नऊ धडे झाले. नऊही धड्यांसमोर हिरवी खूण. राहिला तो सहावा. हव्या त्या क्रमानं धडे करायची मुभा होती, म्हणून हा बाबा सहावा टाळत शेवटपर्यंत आला होता.

सून काही दूधखुळी नव्हती. चार महिन्यांपूर्वी तीही केंद्रात भरती झाली होती. दिवसभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायची आणि तरी नऊ दिवसांत कोर्स उरकून सर्टिफिकेट फ्रिजवर चिकटवलं होतं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“सातवा धडा पंचावन्न मिनिटांचा. तो तुम्ही बघितलात. सहावा बावीस मिनिटांचा. तोच का राहतो? आणि दर वेळी तिसऱ्याच मिनिटाला बरे उठता?”

“काय तिसऱ्या मिनिटाला! मी काय घड्याळ लावून उठतो?” भिंगरी एवढ्या जोरात ओरडला की तिकडे चहा उतू गेला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

तिसऱ्या मिनिटाला काय यायचं ते त्याला पाठ होतं.

सहावा धडा बिल्ल्यांचा. आगीच्या जागी बंबाशेजारी एक फळी उभी करतात. आत जाणारा प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला फळीवरच्या हुकाला अडकवून आत जातो, बाहेर आला की काढून घेतो. फळीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. एक जण फळीपाशी उभा राहतो, वेळ लिहितो, आणि जागचा हलत नाही. एवढंच. पोरासोरांनाही समजावं असं. आणि तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर त्यांच्याच केंद्राच्या फळीचा फोटो यायचा. भिंगरीनं स्वतःच्या हातानं वाकवलेले, खोल तोंडाचे सतरा हूक. मागून आवाज, ‘एका छोट्या केंद्रात वाऱ्यामुळे बिल्ला खाली पडला आणि एक स्वयंसेवक आत राहिला. त्यानंतर त्यांनी असे खोल हूक बनवले. आज आपण सगळ्यांनी हेच वापरायचे आहेत.’

मास्तरांनीच तो फोटो वर पाठवला होता, मोठ्या कौतुकानं. आणि वारा? वारा होता त्या दिवशी, पण बिल्ला वाऱ्यानं पडला नव्हता.

अठरा वर्षांपूर्वी, भर दुपारी, गाद्यांच्या गोदामाला आग लागली. कापसाची आग ती, ज्वाळा कमी आणि धूर असा की स्वतःचा हात दिसू नये. आत तिघं गेले, त्यात मास्तर. फळीपाशी भिंगरी. त्याला सांगितलेलं, की हलायचं नाही. पण मागच्या बाजूचं शटर अडकलंय असं कुणीतरी ओरडलं, आणि याचे हात शिवशिवायला लागले. शटर म्हणजे आपलं काम! दोन मिनिटांचं तर आहे. गेला. शटर उचललंही. परत आला तर कडेला दोघं खाली माना घालून खोकत बसलेले, आणि पलीकडे पाठीवर हवेची टाकी घेतलेला तिसरा पाणी पीत होता. झालं तर मग, तिघंही आले. यानं तिन्ही बिल्ले फळीवरून काढले, खिशात टाकले आणि ओरडला, “सगळे बाहेर!” पाण्याची नळी लगेच शेजारच्या घराकडे वळवली गेली.

तो पाणी पिणारा दुसऱ्या केंद्रातून मदतीला आलेला माणूस होता. मास्तर वरच्या मजल्यावर होते.

अकरा मिनिटं. मग मागची खिडकी फुटली आणि मास्तर तिथून खाली पडले. गुडघ्याचा चुरा. सगळे तिकडे धावले, आणि भिंगरीची पाचावर धारण बसली. त्यानं खिशातला मास्तरांचा बिल्ला काढला आणि फळीखाली टाकून दिला. मुद्दाम. थोड्या वेळानं कुणाला तरी तो सापडला. “अरे, हा बघा, पडलाय खाली! हूकच सैल!” भिंगरी काही बोलला नाही. आठवड्यानं त्यालाच सांगितलं गेलं, तू लोखंडातला माणूस, तूच चांगले हूक बनव. त्यानं बनवले. असे बनवले की वादळ आलं तरी बिल्ला सुटू नये. लोकांनी पाठ थोपटली. तेव्हापासून तो कुठे बसला की त्याला ती फळी दिसायची, म्हणून तो बसतच नसे. आधी नुसता चुळबुळ्या होता, त्या दिवसानंतर भिंगरी झाला.

आता हे सगळं तो धड्यात बसून ऐकणार कसा?

महिना संपायला सात दिवस उरले असताना रविवारी केंद्रावर सराव होता. शेडमागच्या खोलीत धूर सोडायचा आणि तिघातिघांनी आत जायचं. भिंगरी पंपावर. फळीपाशी बेकरीवाला, चाळिशीचा, गोड स्वभावाचा, सगळ्यांना मदत करत सुटणारा. सून दोघांबरोबर आत गेली. बिल्ले लागले. थोड्या वेळानं दार उघडलं, दोघं बाहेर आले. सून दारातून पुन्हा आत वळली, कारण तिची दोरी मागे राहिली होती.

बेकरीवाल्यानं ट्रेमधले पाव काढावेत तसे तीन बिल्ले फळीवरून पटापट काढले.

पंप तसाच सोडून भिंगरी धावला. “लाव! परत लाव तो! ती आत आहे!”

“अहो, येतेच आहे ती. आली बघा.” आणि आली खरंच, दोरी गुंडाळत, खोकत, हसत. “काय झालं बाबा?”

“तू दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात कसा लावलास?” भिंगरी बेकरीवाल्याच्या अंगावर गेला. “धडा बघितलास ना? सर्टिफिकेट आहे ना तुझ्याकडे?”

“बघितला की. पैकीच्या पैकी मार्क आहेत मला.” बेकरीवाला बिचारा गोंधळला. “त्यात हुकाचं आहे. हूक खोल पाहिजे, मग बिल्ला पडत नाही. आपले हूक तर तुमच्या हातचे. त्यांची काय काळजी?”

“आणि बिल्ला ज्याचा त्यानं काढावा, हे?”

“असेल एखादं वाक्य. परीक्षेत नाही विचारलं.”

सून म्हणाली, “जाऊ द्या ना बाबा. मी तर आत जाताना निर्धास्त असते. म्हणते, हूक आपल्या बाबांनी केलेत.”

ती मनापासून बोलली. भिंगरीला मात्र कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. तो पंपाकडे गेला, तिथून गेटकडे, गेटपासून पुन्हा पंपाकडे. एक वाक्य खोटं बोललो, आणि मुळात ते बोललोही नाही, नुसता गप्प बसलो. आणि आज हजारो माणसं तेच पाठ करून धुरात शिरतायत. त्यात आपल्या घरची पोर.

घरी आल्यावर त्यानं हात धुतले नाहीत की कपडे बदलले नाहीत. लॅपटॉपसमोर बसला आणि सहावा धडा लावला. तिसरं मिनिट आलं. फोटो आला. त्याचे पाय टेबलाखाली नाचायला लागले, तेव्हा त्यानं ते खुर्चीच्या पायांना अडकवून घेतले. ‘तुम्ही समोर आहात का?’ दाबलं. ‘तुम्ही समोर आहात का?’ दाबलं. बायको दारातून बघत राहिली आणि हळूच सुनेला म्हणाली, “ताप-बिप तर नाही ना आला यांना?”

बावीस मिनिटं झाली. दहावी खूण हिरवी झाली आणि परीक्षेचं दार उघडलं. चाळीस प्रश्न. एकोणचाळीस त्यानं सोडवले. विसावा होता, ‘बिल्ला पडल्याच्या घटनेनंतर कोणती सुधारणा केली गेली?’ उत्तर चार पर्यायांत पहिलंच होतं. बोट तिथे गेलं, पण दाबलं गेलं नाही. तो प्रश्न कोरा राहिला. तरीही तो पास झाला.

उठायचं तर आता उठायला हरकत नव्हती. खाली एक रिकामी जागा होती. ‘या धड्यात काही चूक आढळल्यास येथे लिहा. आपला अभिप्राय आपल्या केंद्रप्रमुखांकडे जाईल.’

“हे म्हणजे मास्तरांकडेच ना?” त्यानं सुनेला विचारलं.

“हो. पण तिथे कुणी काही लिहीत नाही हो बाबा.”

त्यानं एका बोटानं लिहिलं. अर्धा तास लागला. ‘धडा सहा. बिल्ला पडला नव्हता. मी काढला. मास्तर बाहेर आलेत की नाही ते बघितलं नाही. नंतर मीच तो खाली टाकला. वाऱ्याचं सगळं खोटं. हुकांचा फोटो काढून टाका.’ खाली नाव लिहिलं आणि बटण दाबलं. मग उठला तो तासभर रस्त्यावर नुसता चालत होता.

सोमवारी काही आलं नाही. मंगळवारी दुपारी कारखान्याबाहेर काठीचा आवाज आला. मास्तर. शाळेतून थेट आले होते, बोटांना निळा रंग तसाच. भिंगरीनं स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत.

“अठरा वर्षं,” मास्तर म्हणाले, “मी वाऱ्याला शिव्या घातल्या.”

भिंगरी कानस उचलून ठेवत होता, ठेवून उचलत होता.

“ठेव ती! हॉस्पिटलात तू रोज यायचास. सकाळ-संध्याकाळ. माझ्या पायाला मालिश करायचास. मी बायकोला सांगायचो, मला भाऊ नाही, पण हा आहे. लाज नाही वाटली तुला?”

“वाटली.”

“मग का नाही बोललास?”

“पहिल्या दिवशी घाबरलो. दुसऱ्या दिवशी तुम्हीच वाऱ्याचं नाव घेतलंत. मग मला हूक करायला सांगितले. त्यानंतर रोज वाटायचं, काल बोलायला हवं होतं.”

मास्तरांनी दुरुस्तीला आलेल्या शटरावर काठी टेकवली. “पास झालायस तू,” ते म्हणाले. “विसावा प्रश्न कोरा ठेवलास, तोही दिसला मला. पण प्रात्यक्षिक बाकी आहे. त्यावर सही माझी लागते. मी ती करीनच असं नाही. रविवारी ये.”

रविवारी महिन्याचा शेवटचा दिवस. सतराच्या सतरा आले होते. मास्तरांनी सगळ्यांना फळीसमोर उभं केलं आणि भिंगरीला म्हणाले, “आधी बोल.”

तो बोलला. हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं, तरी सगळं बोलला, खिशातून काढून टाकलेल्या बिल्ल्यापर्यंत. बेकरीवाला स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. सुनेनं एकदाच वर बघितलं. त्या नजरेत राग होता, आणि तो तिनं लपवला नाही. भिंगरीलाही तो लपवलेला नको होता.

मग मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, “टाकी द्या माझ्या पाठीवर.”

“मास्तर, गुडघा...” शिंपी म्हणाला.

“गुडघा माझा आहे.”

अठरा वर्षांत ते धुरात शिरले नव्हते. त्यांनी हातमोजे चढवले, खिशातून आपला जुना बिल्ला काढला, एका बाजूनं चेपलेला, आणि पहिल्या हुकाला अडकवला. “फळीपाशी तू,” ते भिंगरीला म्हणाले. “माझ्याबरोबर दुसरं कुणी नको.” आणि लंगडत आत गेले. दार लागलं.

भिंगरीनं वेळ लिहिली आणि पेन कानावर ठेवलं. दुसऱ्या मिनिटाला शेडचा पत्रा वाऱ्यानं खडखडायला लागला. एक खिळा ठोकला की गप्प झाला असता. तो हलला नाही. पाचव्या मिनिटाला पंपाच्या जोडातून पाणी ठिबकायला लागलं, या खेपेला खरोखरच. “मी बघतो,” म्हणून बेकरीवाला गेला. आठव्या मिनिटाला आतून येणारा खोकला थांबला. सगळ्यांनी भिंगरीकडे बघितलं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात जात होता आणि तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. टाकीत हवा अजून चौदा मिनिटांची होती, तो हिशेब तो मनात पुन्हा पुन्हा करत होता. डोळे फळीवर. बिल्ला आहे. माणूस आत आहे.

बाराव्या मिनिटाला दार उघडलं आणि मास्तर रांगत बाहेर आले. नर्सनं मुखवटा उतरवला, पाणी दिलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या, कारण मास्तर उठून फळीकडे येत होते.

त्यांनी बिल्ल्याला हात घातला. मोजा जाड, बोटं कडक झालेली, आणि हूक भलताच खोल. बिल्ला सुटेना. एकदा ओढला. दुसऱ्यांदा ओढला. भिंगरीचा उजवा हात आपोआप वर आला. नुसतं बोट लावलं असतं तरी सुटला असता तो, त्याच्याच हातचा हूक होता. हात अर्ध्यावर आला आणि त्यानं तो मागे ओढला. पाठीमागे नेऊन डाव्या हातानं गच्च धरून ठेवला.

मास्तरांनी दातांनी मोजा काढला. उघड्या, निळ्या डागांच्या बोटांनी बिल्ला वळवून सोडवला, आणि खिशात टाकला.

“फारच खोल केलेस रे हे,” ते धापा टाकत म्हणाले.

“हो,” भिंगरी म्हणाला. “नवे करून देतो. साधे.”

मास्तरांनी सुनेकडून प्रात्यक्षिकाचा कागद घेतला, गुडघ्यावर धरला. “पेन दे.”

पेन भिंगरीच्या कानावरच होतं. पण त्याचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांना धरून होते, आणि ते सोडवायला त्याला जरा वेळ लागला.